गच्चीवरच्या बँडमधला खोका

मी एक जुना खोका आहे. साधा प्लायवुडचा, चौकोनी, कडांना लाकडी पट्ट्या मारलेला. मित्रांनो, एवढे वाचून नाक मुरडू नका. खोक्याला कसले आले आहे आयुष्य, असे तुमच्या मनात आले असेल. पण मी बँडमध्ये होतो. भरलेल्या सभागृहासमोर मी वाजलो आहे आणि टाळ्यांच्या आवाजाने माझे खिळे हलले आहेत. हे सांगताना मला थोडा गर्व होतो, तेवढा तुम्ही पोटात घाला.

माझा जन्म मुसफ्फाचा. अबू धाबीच्या या भागात वर्कशॉप, गोदामे आणि ट्रक यांशिवाय फारसे काही दिसत नाही. तिथल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात एका सुताराने मला ठोकून उभे केले. माझ्या एका बाजूवर त्याने काळ्या रंगात वर जाणारा बाण छापला आणि त्याच्या शेजारी काचेच्या पेल्याचे चित्र काढले. हा माझा सन्मान आहे असे मला कितीतरी दिवस वाटत होते. आत ठेवलेला माल जपून उचला, एवढाच त्याचा अर्थ होता हे मला फार उशिरा कळले.

माझ्या पोटात पाण्याचा एक पंप ठेवण्यात आला. तो फार अबोल होता. आमचा प्रवासही छोटाच झाला. शेजारच्या रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये पंप काढून घेतला आणि मला भिंतीशी लोटून दिले. माझ्यासोबतचे खोके एकेक करून फुटत होते. माझीही पाळी आलीच असती. पण त्या वर्कशॉपच्या स्टोअरचे काम पाहणारे लियाकतभाई तिथून जाता जाता थांबले. कलिंगड पाहावे तसे त्यांनी मला बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. आवाज त्यांना पटला असावा. हा कार्गोला चांगला, असे ते म्हणाले आणि मला गाडीच्या डिकीत घालून घरी घेऊन आले.

कार्गो म्हणजे काय, हे आखातात राहणाऱ्या मुलांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. इथल्या घरांतून दरवर्षी गावाकडे मोठमोठे खोके जातात. इथे दारातून उचलतात, जहाजाने नेतात आणि गावात दारावर नेऊन ठेवतात. असा खोका एका दिवसात भरत नाही. तो वर्षभर घरात असतो आणि हळूहळू भरत जातो. कुठे दुधाच्या पावडरीवर ऑफर लागली, की एक डबा त्यात पडतो. कुठे मऊ ब्लँकेट दिसले, की तेही घडी होऊन त्यात जाते. लियाकतभाईंची आई रत्नागिरीजवळच्या गावी राहते. घरात सगळे तिला दादी म्हणतात. बकरी ईदच्या आधी दादीच्या दारात पोचायचे, हे माझे ठरलेले काम होते. ते मला मान्य होते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता.

हे घर खलिफा सिटीत आहे. एका मोठ्या व्हिलाचे आतून फ्लॅट पाडलेले, त्यातला वरचा फ्लॅट लियाकतभाईंचा. घरात ते, त्यांची पत्नी साजिदा आणि मुलगी उमैमा. मी फार जागा अडवतो म्हणून माझी रवानगी गच्चीवर झाली. तिथे पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत मी राहू लागलो. विमानतळ जवळच असल्यामुळे डोक्यावरून सतत विमाने जात. साजिदाबाई कपडे वाळत घालायला वर आल्या, की येता येता माझ्या पोटात काहीतरी टाकत. माझे बरे चालले होते.

उमैमा तेव्हा बारावीत होती. तिच्याकडे एक गिटार होती. खालच्या मजल्यावरचे फिलिपिनो कुटुंब मायदेशी परतताना आपले अर्धे घर शेजाऱ्यांना वाटून गेले होते. कुणाला मिक्सर मिळाला, कुणाला सोफा, आणि उमैमाच्या वाट्याला ही गिटार आली. व्हिडिओ पाहून पाहून ती शिकली होती. बोटांना घट्टे पडले तरी तिने ती सोडली नाही. संध्याकाळी ऊन उतरले, की ती गच्चीवर येऊन वाजवत बसे. तिची बोटे सुरेख चालत. पण गायला लागली, की आवाज मध्येच बसे. तिच्या खाली कुणीतरी घट्ट पाय रोवून उभे राहायला हवे होते, असे मला तेव्हाही वाटायचे. ते काम माझ्यावर येणार आहे, हे मात्र माझ्या स्वप्नातही नव्हते.

खालच्या फ्लॅटमधली सान्वी ही तिची मैत्रीण. ती सारखी इंटरनेटवर काही ना काही शोधून काढायची. एके दिवशी तिने एक जुना व्हिडिओ आणला. इंग्लंडमधली मुले, फार वर्षांपूर्वीची. वाद्ये घ्यायची ऐपत नव्हती म्हणून त्यांनी घरातल्या वस्तू वाजवायला घेतल्या होत्या. एकाच्या हातात गिटार, एक कपडे घासायची फळी खरवडतोय आणि एक लाकडी खोक्याला काठी व दोरी लावून बास, म्हणजे खर्जातला घुमणारा स्वर, वाजवतोय. या संगीताला स्किफल म्हणतात, असे सान्वीने सांगितले. व्हिडिओ संपला तेव्हा उमैमा, सान्वी आणि समोरच्या व्हिलातला कैवल्य अशा तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. मला जरा भीतीच वाटली.

मी कार्गोचा आहे, हे उमैमाला ठाऊक होते. ती आईकडे गेली. साजिदाबाई आधी नाहीच म्हणाल्या. शेवटी तोडगा निघाला. पोटातले सामान कपाटावर ठेवायचे, खोका मुलांनी वापरायचा आणि कार्गोची वेळ आली की मुकाट्याने परत करायचा. इन्शाल्ला, दोन गाण्यांत यांचा उत्साह संपेल, असे साजिदाबाई लियाकतभाईंना म्हणाल्याचे मी ऐकले.

मग माझे बारसे झाले. मला उलटे ठेवले. त्यामुळे माझा वर जाणारा बाण खाली जाऊ लागला. लियाकतभाईंनी ड्रिलने माझ्या बुडाला एक गोल भोक पाडले. दुखले, पण बरेही वाटले, कारण आजवर कुणी माझे तोंड उघडले नव्हते. मधोमध दुसरे एक बारीक भोक पाडून त्यातून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ओवली आणि आतून गाठ मारली. दोरीचे दुसरे टोक मॉपच्या दांड्याला बांधले. दांडा माझ्या कडेवर टेकवून ओढला, की दोरी ताठ होते आणि स्वर चढतो. सैल सोडला, की उतरतो. कैवल्यने माझ्यावर पाय ठेवून दोरी पहिल्यांदा छेडली. माझ्या पोटातून 'डुम्म' असा आवाज निघाला. मित्रांनो, खरे सांगतो, तो माझाच आवाज आहे यावर माझा विश्वास बसेना. एवढे दिवस हा कुठे दडून बसला होता?

सान्वीने घरातून खिसणी आणली आणि बोटांत दोन चमचे धरून ती खरवडू लागली. तिच्या आईची, म्हणजे स्मिताताईंची, ती गाजराची खिसणी होती. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गाजर हलवा झाला नाही, याचे कारण आम्ही आहोत. बँडचे नाव माझ्यावरूनच पडले. बाणाखाली इंग्रजीत जे छापले होते तेच, 'धिस साइड अप'.

आमची प्रॅक्टिस रोज संध्याकाळी चाले. अडचण एकच होती, विमानांची. गाणे रंगात आले, की डोक्यावर विमान यायचे आणि काही ऐकू यायचे नाही. पहिल्यांदा मुले थांबून हसत बसायची. मग उमैमाने युक्ती काढली. विमान आले, की तिने आणि सान्वीने हात उचलायचे आणि माझा ठेका मात्र चालू ठेवायचा. विमान गेले, की दोघींनी त्याच ठेक्यावर परत उडी घ्यायची. हळूहळू ही आमची खासियतच होऊन बसली. जिथे विमाने नव्हती तिथेही आम्ही गाण्याच्या मध्ये असे थांबायचो आणि लोकांना ते फार आवडायचे.

आमचा पहिला कार्यक्रम व्हिलाच्या अंगणातल्या दिवाळी पार्टीत झाला. स्मिताताईंनी आम्हाला चिवडा आणि लाडूंच्या टेबलाशेजारी उभे केले होते. पहिल्या गाण्याला लोक खातच राहिले. दुसऱ्या गाण्यात आमचा थांबा आला आणि मी एकटाच डुम्म डुम्म करत राहिलो, तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. तिसऱ्या गाण्याला आज्यांनी टाळ्यांचा ताल धरला होता. लियाकतभाई ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या वर्कशॉपचा खोका आहे तो." साजिदाबाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांचा पाय माझ्या ठेक्यावर हलत होता. मुलांच्या ते लक्षात आले नाही. मी खालून पाहत होतो, मला दिसले.

त्यानंतर मुसफ्फामधल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये क्रिकेटच्या सामन्यांनंतर आम्ही वाजवले. लियाकतभाईंच्या वर्कशॉपमधला फिटर समाधान याने आम्हाला तिथे बोलावले होते. तिथे आमच्या गाण्यांचे शब्दसुद्धा न कळणारी माणसे अशी नाचली, की मला वाटले आता माझ्या पट्ट्या निखळतात. त्या दिवशी घरी येताना गाडीत तिघेही एकमेकांच्या अंगावर रेलून झोपी गेले. ते दिवस फार छान होते.

असे चालले असताना अफनान आला. हा तरुण इंजिनिअर. त्याचा रॉक बँड होता, खरा, विजेवर चालणारा. दिवाळी पार्टीचा व्हिडिओ फिरत फिरत त्याच्याकडे पोचला होता. त्याला एक चांगली गिटारवादक हवी होती. त्याने उमैमाला विचारले आणि तिने आनंदाने हो म्हटले. सतरा वर्षांच्या मुलीला कुणी खऱ्या बँडमध्ये बोलावले, तर ती नाही कशी म्हणेल? मला राग आला नाही, असे मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी तिचा चेहरा इतका उजळला होता, की राग फार वेळ धरता आला नाही.

शनिवारी लियाकतभाई तिला मुसफ्फामध्ये एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत प्रॅक्टिसला नेत आणि स्वतः खाली गाडीत बसून राहत. परत आल्यावर ती गच्चीवर येऊन सान्वीला सगळे सांगे, त्यामुळे मलाही कळे. तिथे ॲम्प्लिफायर होते, ड्रम होते आणि बासही होता. तो म्हणे पातळ, लाल आणि पोट नसलेला. पोटच नाही, तर आवाज येतो कुठून? असो. एका कॉलेजच्या फेस्टमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला आणि उमैमाच्या गिटारला लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती खूश होती. मलाही तिचे कौतुक वाटले, फक्त ते मी कुणाला दाखवले नाही.

मग परीक्षा आल्या. अफनानचा बँडही त्या काळात थंडावला. मार्चमध्ये कैवल्यच्या वडिलांची दोह्याला बदली झाली आणि तो निघून गेला. जाताना त्याने माझ्यावर एकदा थाप मारली. त्यानंतर मला कुणी हात लावेना. वाळूची वावटळ आली, की माझ्या भोकात वाळू साचे. एका कबुतराने माझ्या आत घर थाटायचा विचार केला होता, तो मी कसाबसा मोडून काढला.

आणि याच दिवसांत एक गोष्ट घडली. दुपारी लियाकतभाई कामावर आणि उमैमा परीक्षेला गेलेली असताना साजिदाबाई कपडे वाळत घालायला वर आल्या. त्यांनी माझ्यातली वाळू झटकली. मग इकडेतिकडे पाहिले, दांडा उचलला आणि दोरी छेडली. डुम्म. त्या दचकल्या आणि स्वतःशीच हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मुलांची सगळी गाणी त्यांना पाठ होती, कारण इतके महिने त्या चिमटे लावता लावता ती ऐकतच होत्या. पण त्या गावाकडची लग्नातली गाणीही म्हणायच्या, मेंदीच्या वेळची, आणि मी त्यांना साथ द्यायचो. कपडे वाळत घालून झाले, की दांडा जागच्या जागी ठेवून त्या खाली जात. त्यांच्या बोटांत कैवल्यपेक्षा जास्त ताल होता. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो आहे.

परीक्षा संपल्या. मेच्या पहिल्या शनिवारी मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होणार होता. स्मिताताई मंडळाच्या समितीत होत्या. त्यांनी अफनानच्या बँडला शेवटची वेळ दिली होती. उमैमासाठी ही वेळ फार मोलाची होती, कारण तिने स्वतः एक गाणे रचले होते. आपल्याच शब्दांत, दादीसाठी. जूनमध्ये ती शिकायला पुण्याला जाणार होती. त्याआधी एकदा तरी आपले गाणे स्टेजवरून म्हणायचे आणि दादीने ते गावात बसून फोनवर पाहायचे, हे तिने मनाशी ठरवले होते. अफनाननेही ते शेवटचे गाणे म्हणून कबूल केले होते.

आणि कार्यक्रम तोंडावर आलेला असताना बँड मोडला. इथे बँड भांडणाने मोडत नाहीत, मित्रांनो, बदलीने मोडतात. अफनानच्या कंपनीने त्याला रियाधला पाठवले आणि ड्रमवाल्याचे कॅनडाचे कागद आले. अफनानने फोन करून फार वाईट वाटून सांगितले. उमैमा गच्चीवर आली आणि टाकीला टेकून बसली. तिने एकटीने गाणे म्हणून पाहिले. दुसऱ्याच ओळीला आवाज बसला. पुन्हा म्हटले, पुन्हा तेच. मी तिच्या समोरच होतो, पण तिचे माझ्याकडे लक्ष गेले नाही. तेवढ्यात साजिदाबाई वर आल्या. कार्गोची वेळ झाली होती. ईदआधी पोचायचे, तर या आठवड्यातले जहाज शेवटचे होते. त्यांनी विचारले, खोका घेऊ का? उमैमा गुडघ्यांत डोके घालून बसली होती. डोके वर न करता ती म्हणाली, "घे ना अम्मी. खलास झालं ते. तो आता कुणालाच नको."

साजिदाबाईंनी माझ्या दोरीवरून एकदा बोट फिरवले. मला वाटले, आता त्या काहीतरी बोलतील. पण त्यांनी दांडा सोडवून कोपऱ्यात ठेवला, दोरी गुंडाळून माझ्या आत सारली आणि मला खाली नेले.

दुसऱ्या दिवशी माझे पोट भरले. ब्लँकेटे, दुधाची पावडर, साबण, दादीच्या मऊ चपला, सगळ्यांचे ईदचे कपडे. प्रत्येक वस्तू साजिदाबाईंनी नीट गुंडाळून ठेवली. माझ्या बुडाच्या भोकावर चिकटपट्टी लावली गेली. म्हणजे माझे तोंड बंद झाले. दुपारी कार्गोवाले आले आणि मला मुसफ्फाच्या गोदामात घेऊन गेले. तिथे मला निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. माझ्यासारखेच निळे खोके छतापर्यंत रचलेले होते. मला वाईट वाटत होते, पण काम तर कामच होते.

तिकडे घरी काय झाले, ते मला पुढे कळले. सान्वीला बँड मोडल्याचे समजले, तशी ती खिसणी घेऊनच वर धावली होती. कैवल्य नसला म्हणून काय झाले, खोका मी वाजवते, असे ती उमैमाला म्हणाली. आपण आपले पहिलेच वाजवू, स्किफलच. उमैमाने डोळे पुसले. दोघी गच्चीवर गेल्या आणि पाहतात तो टाकीखाली फक्त मॉपचा दांडा.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळी मंडळी गोदामात हजर झाली. लियाकतभाई, उमैमा, सान्वी आणि साजिदाबाईसुद्धा. मॅनेजर भला माणूस होता. कंटेनर भरायला अजून सुरुवात झाली नव्हती, पण इतक्या निळ्या खोक्यांतून एक शोधायचा कसा? सान्वी एकेकाला ठोकून पाहू लागली. मी ओरडायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण पोटात ब्लँकेटे कोंबलेली आणि तोंडावर चिकटपट्टी, आवाज फुटणार कसा? ती मला ठोकूनही पुढे निघून गेली. शेवटी पॅकिंगवाल्या एकाला आठवले, की एका खोक्याच्या बुडाला भोक होते आणि त्यावर त्याने पुन्हा पट्टी मारली होती. तो थेट माझ्याकडे आला.

प्लॅस्टिक फाटले, झाकण निघाले. लियाकतभाईंनी पुठ्ठ्याचे मोठे खोके मागवले. माल ईदला पोचलाच पाहिजे, असे ते म्हणाले, आणि सगळे जमिनीवर बसून माझ्यातले सामान पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरू लागले. उमैमाच्या हातात दादीच्या चपला आल्या. आकार मोडू नये म्हणून साजिदाबाईंनी त्यांच्या आत कागदाचे बोळे भरले होते. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला परत रडू आले.

"अम्मी, पाठवायच्या आधी मला नीट विचारायचं तरी ना."

साजिदाबाई ब्लँकेटाची घडी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"विचारलं होतं. तू म्हणालीस, तो आता कुणालाच नको."

"हो, पण..."

"कुणालाच म्हणजे तुम्हा तिघांना," साजिदाबाई म्हणाल्या. "मला हवा होता."

लियाकतभाईंच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. त्यांना काही समजेना. उमैमाने हळू आवाजात विचारले, "तुला? फॉर व्हॉट?"

साजिदाबाईंनी घडी बाजूला ठेवली. त्या उठल्या. माझ्या तळाशी गुंडाळलेली दोरी त्यांनी बाहेर काढली आणि मला उलटे केले. भोकावरची पट्टी सोलून काढली. गोदामातला एक लांब झाडू भिंतीशी उभा होता. त्याच्या दांड्याला त्यांनी दोरी बांधली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी पाय माझ्यावर ठेवला. मित्रांनो, कैवल्यने बुटांसकट पाय ठेवला होता, आणि त्यात त्याचे काही चुकले नव्हते. पण चपला काढून माझ्यावर पाय ठेवणारे आजवर कुणी भेटले नव्हते. वाद्याला द्यावा तो मान मला त्या दिवशी मिळाला.

त्यांनी ठेका धरला. तो उमैमाच्या गाण्याचा होता. गच्चीवरून, भिंतीआडून, दाराच्या फटीतून ऐकून ऐकून त्यांनी तो केव्हाच उचलला होता. पॅकिंगवाले हातातले काम सोडून पाहू लागले. उमैमाने दादीच्या चपला खाली ठेवल्या. मग तिने गायला सुरुवात केली, गिटारशिवाय, तिथे त्या निळ्या खोक्यांच्या मध्ये.

विमान गेलं डोक्यावरनं,
दादी, तुला दिसलं का गो?
खिडकीमधनं हात केला,
हात तुला दिसला का गो?

दुसरी ओळ आली आणि गेली. तिचा आवाज बसला नाही. शेवटापर्यंत बसला नाही. खाली आईने पाय रोवलेला होता आणि मी माझे सगळे प्लायवुड पणाला लावले होते. गाणे संपल्यावर मॅनेजरनेच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. सान्वी म्हणाली, "आंटी, यू आर इन द बँड. मी माझी खिसणी घेते." साजिदाबाई स्टेजवर जायला तयार नव्हत्या. लोक काय म्हणतील, हे वय आहे का, असे त्या गाडीत घरी पोचेपर्यंत म्हणत होत्या. घराच्या दारात गाडी थांबवून लियाकतभाई म्हणाले, "साजिदा, इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं. आता माहीत झालंय, तर तुला स्टेजवर बघू दे."

शनिवारी सभागृह गच्च भरले होते. लेझीम झाली, पोवाडा झाला, नाट्यप्रवेश झाला आणि शेवटी आमचे नाव पुकारले. मला उचलून मध्यभागी ठेवले. उमैमाने गिटार गळ्यात अडकवली, सान्वीने खिसणी घेतली आणि साजिदाबाई डोक्यावरची ओढणी सारखी करत पुढे आल्या. त्यांना पाहून सभागृहात कुजबुज झाली. त्यांनी चपला काढल्या, पाय ठेवला आणि डुम्म झाले. मग कुजबुज थांबली.

त्या संध्याकाळचे फार वर्णन करत नाही, कारण मी स्वतःच त्यात होतो आणि मला फारसे दिसले नाही. एवढे आठवते, की गाण्याच्या मध्ये आमचा नेहमीचा थांबा आला. दोघींनी हात उचलले. नुसता आमचा ठेका चालू राहिला, साजिदाबाईंचा आणि माझा. त्या वेळी स्मिताताईंनी पहिल्या रांगेतून फोन उंच धरला होता. फोनमध्ये दादी होती. ती काहीतरी मोठ्याने म्हणत होती, पण ते कुणालाच ऐकू येत नव्हते. तिच्या मागे अर्धे गाव उभे होते. साजिदाबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांनी दांडा इतका ताणला, की माझा आजवरचा सर्वांत वरचा स्वर त्या दिवशी निघाला.

जूनमध्ये उमैमा पुण्याला गेली. गिटार सोबत नेली. तिचे बँडमधले दिवस एवढेच, एक हिवाळा आणि थोडा उन्हाळा. पुढे ती कुठे वाजवेल, की वाजवणारच नाही, हे मला ठाऊक नाही. जायच्या आदल्या दिवशी ती गच्चीवर आली आणि माझ्यावर बसून राहिली. उठताना तिने माझी दोरी काढून नवी लावली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

मी अजून टाकीच्या सावलीत असतो. उन्हाने माझा रंग उडाला आहे आणि एका कोपऱ्याचा पापुद्रा सुटला आहे. पण माझ्यावर आता एक जुनी चादर असते आणि माझ्यात कुणी काही भरत नाही. कार्गोसाठी लियाकतभाईंनी दुसरा खोका आणला आहे. तो जिन्याखाली असतो आणि माझ्याकडे जरा हेव्याने पाहतो. संध्याकाळी कधी साजिदाबाई एकट्या वर येतात, कधी सान्वीसोबत, आणि आता त्या वाजवण्याआधी इकडेतिकडे पाहत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, एवढेच मी सांगितले तर ते तुम्ही ऐकाल आणि विसराल. म्हणून माझे मागणे थोडे वेगळे आहे. घरातली एखादी वस्तू कुणालाच नको असे म्हणण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा. आणि घरात जी व्यक्ती नेहमी 'मला काय, काहीही चालेल' असे म्हणते, तिला दोनदा विचारा.